समुद्रातले प्लॅस्टिकचे बेट : खरे किती, खोटे किती?

पॅसिफिक महासागरात प्लॅस्टिकच्या कचऱ्याचे एक प्रचंड बेट तरंगत आहे, असे आपण सर्वांनी केव्हा ना केव्हा वाचले किंवा ऐकले आहे. ते बेट महाराष्ट्राच्या पाचपट आहे, त्यावर माणूस उभा राहू शकतो, ते आकाशातूनही दिसते, असे सांगितले जाते. सोबत मोबाईलवर एक छायाचित्रही फिरत असते. होडीत एक माणूस बसला आहे आणि होडीच्या चारी बाजूंना बाटल्या, पिशव्या, डबे, चपला यांचा इतका दाट थर आहे की खालचे पाणी दिसतच नाही.

ते छायाचित्र खरे आहे. परंतु ते महासागराचे नाही. ते फिलिपाईन्स देशाची राजधानी मनिला येथील बंदरातले, म्हणजे किनाऱ्याजवळचे आहे. भर महासागरात असा दाट थर पसरलेला नाही.

मग घरातला एखादा चौकस मुलगा मोबाईलवर जगाचा नकाशा उघडतो. उपग्रहाने काढलेली चित्रे पाहतो. हवाई बेटांपासून अमेरिकेच्या कॅलिफोर्निया किनाऱ्यापर्यंत सगळीकडे निळेशार पाणी. "बेट कुठे आहे? म्हणजे सगळ्या थापाच की!" असे म्हणून तो मोबाईल बाजूला ठेवतो.

त्याचे म्हणणे अर्धे बरोबर आणि अर्धे चूक आहे. बेट नाही, हे बरोबर. म्हणून कचराही नाही, हे चूक. ऐकले म्हणून मानू नये, दिसले नाही म्हणून झिडकारूही नये, तपासून पाहावे, ही शिकवण आपल्या घरांना नवी नाही. तेव्हा वाचक बंधु-भगिनींनो, हा प्रश्न आज आपण तपासून पाहू.

कोणाला, केव्हा दिसले?

भर समुद्रातल्या प्लॅस्टिकची नोंद फार जुनी आहे. १९७२ साली एडवर्ड कार्पेंटर आणि के. एल. स्मिथ या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी अटलांटिक महासागरातील सारगॅसो समुद्राविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. समुद्रातील वनस्पती गोळा करण्यासाठी त्यांनी बारीक जाळी पाण्याच्या पृष्ठभागावरून ओढली होती. त्या जाळीत प्लॅस्टिकचे कण आले. मोजदाद केली तेव्हा चौरस किलोमीटरमागे सरासरी ३,५०० कण निघाले. बहुतेक कण अर्ध्या सेंटीमीटरपेक्षाही लहान होते. त्या काळी आपल्याकडे घरोघरी कापडी पिशवी आणि पितळेची बादली होती. दुधाची बाटली काचेची होती. तेव्हाच प्लॅस्टिक भर समुद्रात पोहोचले होते, आणि तेही डोळ्यांना न दिसता.

पुढे १९९७ साली चार्ल्स मूर नावाचे नावाडी कप्तान हवाई बेटांकडील एक शिडाच्या होड्यांची शर्यत संपवून कॅलिफोर्नियाला परत निघाले होते. वारा पडलेला असतो म्हणून जहाजे सहसा जो भाग टाळतात, त्या भागातून त्यांनी आपली होडी नेली. तेथे दिवसामागून दिवस त्यांना पाण्यावर प्लॅस्टिकचे तुकडे दिसत राहिले. कोठे बाटलीचे झाकण, कोठे पिशवीची चिंधी, कोठे नुसता कपचा. मूर यांनी तेथे बेट पाहिले नव्हते. माणसाची वस्ती हजारो किलोमीटर दूर असताना डेकवर केव्हाही येऊन पाहावे तर एखादा तुकडा तरंगताना दिसतोच, हे त्यांनी पाहिले होते.

१९९९ साली ते जाळी घेऊन पुन्हा तेथे गेले. २००१ साली त्यांनी सहकाऱ्यांसह निष्कर्ष प्रसिद्ध केले. चौरस किलोमीटरमागे सरासरी ३,३४,२७१ तुकडे! जाळीत आलेल्या प्लॅस्टिकचे वजन जाळीत आलेल्या सूक्ष्म जीवांच्या वजनाच्या सहापट भरले. या भागाला नाव मिळाले ते 'कचऱ्याचा पट्टा' असे. परंतु बातमी एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेली आणि पट्ट्याचे बेट झाले.

हिशेब करून पाहू

या पट्ट्याची सर्वात मोठी मोजणी २०१५ आणि २०१६ साली झाली आणि २०१८ साली ती प्रसिद्ध झाली. २०१५ मध्ये अनेक जहाजांनी एकाच वेळी जाळी ओढली. २०१६ मध्ये विमानातून छायाचित्रे घेण्यात आली. त्या मोजणीनुसार पट्ट्याचे क्षेत्रफळ १६ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचपटीहून थोडे अधिक आहे. त्यात अंदाजे १ लाख ८० हजार कोटी तुकडे आणि ७९,००० टन प्लॅस्टिक आहे.

आकडे ऐकून छाती दडपते. पण आकड्यांना घाबरून चालणार नाही. घरगुती हिशेब केला तर चित्र स्पष्ट होते.

दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद अशी खोली आपल्याला चांगली ठाऊक आहे. आपल्यापैकी कितीतरी जणांचा संसार तेवढ्याच खोलीत झाला. तेवढ्या आकाराच्या समुद्राच्या तुकड्यावर किती प्लॅस्टिक येते? सरासरी दहा तुकडे. त्यातले नऊ ते दहा तुकडे अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा लहान, म्हणजे तांदळाच्या दाण्याहून बारीक. संपूर्ण पट्ट्यातील मोठमोठ्या जाळ्यांसकट सगळे वजन सारखे वाटले, तरी त्या खोलीच्या वाट्याला अर्धा ग्रॅमसुद्धा येत नाही.

आता सांगा, खोलीभर पसरलेले तांदळाचे दहा दाणे शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून दिसतील का? नाही दिसणार. मग शेकडो किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाला ते कसे दिसावेत?

दुसरा हिशेब. ७९,००० टन म्हणजे दहा टनी ट्रकच्या ७,९०० खेपा. एकट्या मुंबई शहराचा रोजचा सर्व प्रकारचा कचरा सहा हजार टनांहून अधिक असतो. म्हणजे हा अख्खा पट्टा वजनाने मुंबईच्या बारा-तेरा दिवसांच्या कचऱ्याएवढा भरतो. देवनारला एका जागी ओतलेला कचऱ्याचा डोंगर दुरून दिसतो, कारण तो एका जागी आहे. तेवढाच कचरा पाच महाराष्ट्रांवर बारीक करून शिंपडला तर कोणाला दिसणार?

मधोमधच का जमतो?

पातेल्यातले पाणी पळीने गोल ढवळले, तर वर तरंगणारा कोंडा हळूहळू मध्यभागी गोळा होतो. महासागरात असेच काहीसे घडते. वारे आणि पृथ्वीचे फिरणे यांमुळे पाण्याचे अतिप्रचंड, संथ, गोलाकार प्रवाह तयार होतात. उत्तर पॅसिफिक, दक्षिण पॅसिफिक, उत्तर अटलांटिक, दक्षिण अटलांटिक आणि हिंदी महासागराचा दक्षिण भाग, असे पाच मोठे चक्राकार प्रवाह जगात आहेत. तरंगणारी वस्तू त्यात सापडली की आत ओढली जाते आणि वर्षानुवर्षे फिरत राहते. जेथे वारा मंद असतो, त्या मधल्या भागात तिची गर्दी होते.

ही गोष्ट एका अपघाताने छान समजली. जानेवारी १९९२ मध्ये हाँगकाँगहून अमेरिकेला निघालेल्या एका मालवाहू जहाजावरून वादळात काही कंटेनर पॅसिफिकमध्ये पडले. त्यातल्या एकात लहान मुलांची आंघोळीच्या वेळची २८,८०० प्लॅस्टिकची खेळणी होती. पिवळी बदके, हिरवे बेडूक, निळी कासवे आणि लाल बीव्हर. सुमारे दहा महिन्यांनी ती अलास्काच्या किनाऱ्याला लागू लागली. कर्टिस एबेसमेयर आणि जेम्स इंग्रहॅम या शास्त्रज्ञांनी कोणते खेळणे कोठे आणि केव्हा सापडले याच्या नोंदी ठेवल्या आणि त्यावरून प्रवाहांची दिशा आणि वेग पडताळून पाहिला. किनाऱ्यावर बदके सापडली म्हणून ती दिसली. जी भर समुद्रात फिरत राहिली, ती पुढे कोणाच्या दृष्टीस पडली नाहीत.

डोळ्यांना का चकवते?

त्याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण, प्लॅस्टिक कुजत नाही, पण फुटते. गच्चीवर दोन-तीन उन्हाळे बांधून ठेवलेली प्लॅस्टिकची दोरी हातात धरली की तिचा भुगा होतो, हे आपण पाहतो. समुद्रातही ऊन आणि लाटा यांमुळे बाटलीचे तुकडे, तुकड्यांचे कण आणि कणांची भुकटी होते. वस्तू दिसेनाशी होते, पण पदार्थ तेवढाच राहतो. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाचे रिचर्ड थॉम्पसन यांनी २००४ साली या बारीक कणांकडे जगाचे लक्ष वेधले. 'मायक्रोप्लॅस्टिक' हा शब्द तेव्हापासून सर्वत्र रूढ झाला.

दुसरे कारण, जे तरंगते ते सगळे वरच राहत नाही. वारा सुटला की लाटा बारीक कण काही मीटर खाली ढकलतात. शिवाय प्लॅस्टिकवर शेवाळ धरते, शिंपले चिकटतात, ते जड होते आणि बुडते. २०१४ साली जगातील सर्व समुद्रांच्या पृष्ठभागावरील प्लॅस्टिकचा अंदाज सुमारे २ लाख ६९ हजार टन असा काढण्यात आला. दुसऱ्या एका अभ्यासानुसार २०१० या एकाच वर्षात ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लॅस्टिक जमिनीवरून समुद्रात गेले. दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा. एका वर्षात गेले लाखो टन, आणि इतक्या वर्षांचे मिळून पृष्ठभागावर सापडते त्याच्या एक लहानसा अंश! बाकीचे किनाऱ्यांवर, वाळूत, तळाच्या गाळात, जीवांच्या पोटात, आणि वरून खालपर्यंतच्या पाण्यात विखुरलेले आहे. १९९८ साली मरियाना गर्तेत, म्हणजे जगातल्या सर्वात खोल जागी, जपानी संशोधकांच्या पाणबुडी यंत्राने १०,८९८ मीटर खोलीवर एका प्लॅस्टिकच्या पिशवीचे छायाचित्र घेतले. जेथे सूर्याचा किरण पोहोचत नाही, तेथे पिशवी पोहोचली.

तिसरे कारण, पाहणाऱ्या यंत्राचीही मर्यादा असते. युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांच्या चित्रातला सर्वात लहान ठिपका दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद जागेचा असतो. तेवढ्या पाण्यात शंभरएक बारीक कण असले, तरी ठिपका निळाच उमटतो. वारा आणि प्रवाह यांनी कचरा ओळीने गोळा झाला, दाट पट्टा बनला, तरच तो उपग्रहाला ओळखता येतो. भूमध्य समुद्राची सहा वर्षांची अशी चित्रे तपासून शास्त्रज्ञांनी कचऱ्याच्या हजारो ओळी शोधल्या, आणि तो अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे उपग्रहाने मुळीच दिसत नाही असे नाही. जेथे दाटी होते तेवढेच दिसते. उरलेल्यासाठी अजूनही जहाज, जाळी, आणि एकेक कण चिमट्याने उचलून मोजणारा माणूसच लागतो.

साक्षीदार कोण?

डोळ्यांना दिसत नसले, तरी समुद्राने आपली साक्ष ठिकठिकाणी ठेवली आहे.

पॅसिफिकच्या मधोमध मिडवे नावाचे लहानसे बेट आहे. तेथे अल्बट्रॉस नावाचे मोठे समुद्रपक्षी लाखोंच्या संख्येने अंडी घालतात. हे पक्षी दूरवर जाऊन पाण्यावर तरंगणारे भक्ष्य टिपून आणतात आणि पिल्लांच्या चोचीत भरवतात. भक्ष्याबरोबर पाण्यावरचे प्लॅस्टिकही येते. क्रिस जॉर्डन या अमेरिकन छायाचित्रकाराने २००९ पासून तेथे मेलेल्या पिल्लांची छायाचित्रे घेतली. पिसे आणि हाडे विरून गेली आहेत, आणि जेथे पोट होते तेथे बाटल्यांची झाकणे, सिगारेटचे लायटर, रंगीत कपचे यांचा ढीग तसाच पडून आहे. जे आकाशातल्या उपग्रहाला टिपता आले नाही, ते पाण्यालगत उडणाऱ्या आईने एकेक करून टिपले आणि बाळाला भरवले.

दक्षिण पॅसिफिकमध्ये हेंडरसन नावाचे निर्मनुष्य बेट आहे. सर्वात जवळची वस्ती शंभरहून अधिक किलोमीटरवरच्या पिटकेर्न बेटावर, आणि तीही मूठभर माणसांची. २०१५ साली संशोधक हेंडरसनवर राहून आले आणि २०१७ साली त्यांनी अंदाज प्रसिद्ध केला : किनाऱ्यावर ३ कोटी ७७ लाख प्लॅस्टिकच्या वस्तू आणि तुकडे, वजन १७.६ टन. तेथे कोणीही कचरा टाकत नाही. समुद्र आणून टाकतो.

आणि एक साक्ष आपल्या स्वयंपाकघरातली. मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी २०१८ साली भारतीय बाजारातील समुद्री मीठ तपासले, तेव्हा त्यात प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण सापडले. घाबरून जाऊन मीठ सोडण्याचे कारण नाही, कारण प्रमाण अत्यंत अल्प आहे. समुद्राचे पाणी मिठागरात घेण्यापूर्वी साध्या वाळूतून गाळले, तर वजनाने ८५ टक्क्यांहून अधिक कण अडवता येतात, असेही त्याच संशोधकांनी दाखवून दिले. २०२२ साली नेदरलँड्समध्ये २२ रक्तदात्यांचे रक्त तपासण्यात आले. त्यांपैकी १७ जणांच्या रक्तात प्लॅस्टिकचे अंश मिळाले. शरीरावर त्याचा नेमका परिणाम काय होतो याचा अभ्यास जगभर चालू आहे.

वर काढता येणार नाही का?

कोणीही विचारेल, मोठी जाळी लावून सगळे उपसून काढावे! बेटाची कल्पना डोक्यात असली की हा उपाय सोपा वाटतो. बेट असते तर क्रेन नेऊन उचलले असते. पण खोलीभर पसरलेले दहा बारीक दाणे, तेही हलत्या पाण्यातून, आणि पाच महाराष्ट्रांएवढ्या जागेतून कसे वेचणार? त्याच पाण्यात त्याच आकाराचे असंख्य जीव तरंगत असतात. कण गाळायला जावे तर तेही गाळले जातात.

मोठ्या वस्तूंचे मात्र वेगळे आहे. पट्ट्यातील तुकड्यांची संख्या पाहिली तर ९४ टक्के तुकडे बारीक कणांचे आहेत, पण वजन पाहिले तर त्यांचा वाटा फक्त ८ टक्के आहे. वजनाने जवळजवळ निम्मा, म्हणजे ४६ टक्के भाग मासेमारीच्या जाळ्यांचा आहे. तुटलेली, हरवलेली, टाकून दिलेली ही बेवारस जाळी वर्षानुवर्षे कासवे, सील आणि मासे अडकवत राहतात. मार्च २०११ मध्ये जपानमध्ये आलेल्या त्सुनामीनेही बराच सामान समुद्रात लोटला, आणि त्याचा काही भाग याच पट्ट्यात येऊन मिसळला. या मोठ्या वस्तू बाहेर काढता येतात. २०१३ साली नेदरलँड्समध्ये बोयान स्लाट या तरुणाने स्थापन केलेली संस्था ते काम करीत आहे. २०१८ साली त्यांचे पहिले यंत्र अपयशी ठरले, २०१९ मध्ये सुधारलेल्या यंत्राने कचरा पकडला. आज काढलेले जाळे उद्या लाख कण होणार नाही, एवढा त्याचा निश्चित लाभ आहे. परंतु वरून नळ चालू ठेवून खाली पाणी पुसत बसण्यात अर्थ नाही.

दिसते तेथेच धरावे लागेल

म्हणून या सर्व शोधांतून एकच गोष्ट हाती लागते. प्लॅस्टिक भर समुद्रात पोहोचले की ते दृष्टीआड होते आणि हाताबाहेर जाते. ते दिसते आणि उचलता येते, ते जमिनीवर, गटारात, नाल्यात, नदीत आणि फार तर किनाऱ्यावर.

येथे आपला संबंध येतो. आपल्याकडचे प्लॅस्टिक पॅसिफिकच्या त्या पट्ट्यात जात नाही; ते अरबी समुद्रात जाते. परंतु २०२१ साली जगातील नद्यांचा जो अंदाज प्रसिद्ध झाला, त्यात समुद्रात सर्वाधिक प्लॅस्टिक नेणाऱ्या नद्यांच्या वरच्या क्रमांकांत उल्हास नदीचे नाव आहे. बदलापूर, उल्हासनगर, कल्याण या वस्त्यांजवळून वाहणारी ही आपली नदी. समुद्रात गेलेले पुष्कळसे प्लॅस्टिक किनाऱ्याजवळच घोटाळते. पावसाळ्यात भरतीच्या वेळी मरीन ड्राइव्ह, दादर, जुहू येथे समुद्र ते परत फेकतो आणि दुसऱ्या दिवशी सफाई कामगार ते उचलतात. कोळी बांधवांच्या जाळ्यांत मासळीबरोबर पिशव्या येतात. आणि नाल्यात अडकलेले प्लॅस्टिक काय करते, हे २६ जुलै २००५ ला मुंबईने पाहिले. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाणी तुंबण्याची कारणे अनेक होती. पिशव्यांनी चोंदलेली गटारे हे त्यांपैकी एक. पाणी शिरले ते आधी नाल्याकाठच्या आणि सखल भागातल्या घरांत.

प्लॅस्टिकच्या कारखान्यात काम करणाऱ्यांना 'दाणा' ठाऊक आहे. सगळ्या वस्तू या साबुदाण्याएवढ्या दाण्यापासून होतात. २०२१ साली कोलंबोजवळ एक जहाज जळाले आणि त्यातला सोळाशेहून अधिक टन दाणा समुद्रात गेला. मे २०२५ मध्ये केरळच्या किनाऱ्याजवळ एक जहाज बुडाले आणि तेथील वाळूवरही दाण्याचा थर आला. लोकांनी चाळण्या घेऊन वाळू चाळली. जे किनाऱ्याला लागले ते दिसले आणि गोळा झाले. उरलेला दाणा कोणत्याही छायाचित्रात सापडणार नाही.

दोष कोणाचा?

असा विषय निघाला की बोट लगेच झोपडपट्टीकडे दाखवले जाते. याबाबत स्पष्ट बोलले पाहिजे. शाम्पूची बाटली एकदम घेण्याइतके पैसे नसतात, म्हणून कष्टकऱ्याच्या घरात रुपया-दोन रुपयांची पुडी येते. ती पुडी प्लॅस्टिक आणि चकचकीत थर एकमेकांना चिकटवून बनवलेली असते. भंगारवाला ती घेत नाही, कारण तिचे पुन्हा काही होत नाही. जे विकत घेतले जाते तेच उचलले जाते, हा भंगाराच्या धंद्याचा नियम आहे. बाटली आणि दुधाची पिशवी यांना भाव आहे, म्हणून त्या रस्त्यावर फार वेळ राहत नाहीत. पुडीला भाव नाही, म्हणून ती नाल्यात जाते. वस्तू बनवणाऱ्या कंपनीने आपल्या वेष्टनाचा कचरा परत गोळा करण्याची जबाबदारी घ्यावी, असे २०१६ च्या केंद्र सरकारच्या नियमांत आहे. ती जबाबदारी पार पाडली जाते की नाही, हे विचारण्याचा अधिकार पुडी विकत घेणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला आहे.

आणि जे हात हे प्लॅस्टिक समुद्रात जाण्याआधी अडवतात, ते हात कोणाचे? डोक्यावर किंवा पाठीवर पोते घेऊन पहाटे निघणाऱ्या कचरावेचक माता-भगिनींचे. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना स्थापन झाली. तिच्या सभासदांत बहुसंख्य स्त्रिया आहेत आणि त्यातही दलित समाजातील स्त्रिया अधिक आहेत. त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने २००८ साली महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. भर समुद्रातला एक कण मोजण्यासाठी जहाज लागते, इंधन लागते, कोट्यवधी रुपये लागतात. तोच कण बाटलीच्या रूपात रस्त्यावर असताना एक बाई वाकून उचलते. तिला हातमोजे, ओळखपत्र, योग्य मोबदला आणि वर्गीकरणासाठी छप्पर असलेली जागा मिळाली पाहिजे. समुद्र वाचवण्याच्या गोष्टी करणाऱ्यांनी आधी तिच्याकडे पाहावे.

कायदे झाले नाहीत असे नाही. जहाजांवरून समुद्रात प्लॅस्टिक टाकण्यास १९८८ च्या अखेरीपासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे. महाराष्ट्र सरकारने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिक बंदी आणली. केंद्र सरकारने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकण्याच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. जागतिक कराराच्या वाटाघाटी २०२२ साली ठरल्या. डिसेंबर २०२४ मध्ये बुसान येथे आणि ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हा येथे त्या करार न होताच संपल्या. मुख्य अडचण एकच : प्लॅस्टिकचे उत्पादनच कमी करावे की फक्त कचरा आवरावा, यावर देशांचे एकमत होत नाही.

घरातल्यांसाठी

ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवा. सुक्यात उष्टे-खरकटे मिसळले की बाटलीचाही भाव जातो आणि वेचणाऱ्या बाईचे हात त्यात घालावे लागतात. सुई, ब्लेड, फुटकी काच वेगळी, कागदात गुंडाळून द्या. बाजाराला जाताना कापडी पिशवी न्या. जुन्या साडीच्या चार पिशव्या घरच्या घरी होतात. विहारातील कार्यक्रमात किंवा लग्नकार्यात पाण्याच्या लहान बाटल्यांऐवजी पिंप आणि स्टीलचे पेले ठेवा. वस्तीतला नाला पावसाळ्यापूर्वी साफ झाला की नाही, हे मंडळाने वॉर्ड ऑफिसात लेखी विचारावे आणि पोच घ्यावी.

मुलांसाठी एक प्रयोगही आहे. जुन्या निळ्या पिशवीतून तांदळाहून लहान असे दहा तुकडे कापायचे आणि खोलीभर अंथरलेल्या निळ्या चादरीवर विखरायचे. मग दारात उभे राहून किती दिसतात ते मोजायचे. त्यानंतर एकेक वेचायला लावायचे आणि घड्याळ लावायचे. पुन्हा पिशवीचे तुकडे न करता ती अख्खी चादरीवर ठेवायची आणि उचलायला सांगायची. दोन्ही वेळा वहीत लिहून ठेवायच्या. तुकडे मात्र खेळ संपल्यावर मोजून परत घ्या. दहाचे दहा भरले पाहिजेत.